खेळाच्या तासाला धरलेला हात

मराठीत फुगडी नाचत नाहीत, खेळतात. झिम्मा खेळतात, टिपऱ्या खेळतात, लेझीम खेळतात. वारीत पावल्याही खेळतात, आणि एखाद्याच्या अंगात वारे आले तर तिथेही देव ‘खेळतो’. एकच क्रियापद मैदानापासून देव्हाऱ्यापर्यंत पोचले आहे आणि ते इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे नवल वाटत नाही. तुकोबांच्या गाथेत टिपरी, फुगडी, हमामा, हुतुतू, विटीदांडू अशा खेळांवरचे अभंग आहेत. त्यांना खेळ आणि भक्ती यांच्या मध्ये भिंत घालावीशी वाटली नाही. शाळेच्या वेळापत्रकाला मात्र भिंती लागतात. तिथे ‘खेळाचा तास’ असतो, तो शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाकडे असतो, आणि त्या शिक्षकाने मुलांना ओळीत उभे करून पावली शिकवायला घेतली की दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न येतो: हा व्यायाम आहे की उपासना? भाविकाला भीती वाटते की विठ्ठलाची पावली कवायतीच्या आकड्यांत संपेल. धर्मनिरपेक्ष शाळेचा आग्रह धरणाऱ्याला भीती वाटते की कवायतीच्या आडून देव वर्गात येईल. दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पण माझे म्हणणे असे की हा प्रश्न दुसरा आहे. ओळीने किंवा रिंगणाने खेळायच्या नृत्याबाबतचा पहिला धार्मिक प्रश्न देवाच्या नावाचा नसून हाताचा आहे. कोणी कोणाचा हात धरायचा, आणि कोणाला ओळीत घ्यायचेच नाही, यात धर्म आधी दिसतो.

पंचवटीत हे बोलणे पुस्तकी राहत नाही. गोदावरीच्या डाव्या तीरावर रामकुंड, सीतागुंफा, काळाराम मंदिर आणि तपोवन हे सारे चालत जाण्याच्या अंतरात आहे. बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी पंढरीच्या वाटेवर नाशकातून जाते आणि पौष वद्य एकादशीला दिंड्या उलट दिशेने त्र्यंबककडे चालतात. याच पंचवटीत बाजार समितीचे आवार आहे, आणि पेठ नाका व दिंडोरी नाका ओलांडून जाणारे रस्ते जिल्ह्याच्या कोकणा, वारली, महादेव कोळी पाड्यांकडे जातात. त्यामुळे इथल्या शाळेच्या एका वर्गात रामकुंडावरच्या उपाध्यायाचे मूल, हमालाचे मूल, मजुरीसाठी पेठहून उतरलेल्या कोकणा घरातले मूल, बौद्ध घरातले आणि मुसलमान घरातले मूल एकाच पटावर असू शकते. इथे व्यायाम आणि उपासना यांची फारकतही कधी पूर्ण झालेली नाही. रामनवमीनंतर कामदा एकादशीला जे दोन रथ निघतात त्यांपैकी गरुडरथ ओढण्याचा मान अहिल्याराम व्यायामशाळेकडे आहे, म्हणजे देवाचे वाहन तालमीतली शरीरे ओढतात. महाराष्ट्रातल्या तालमीत मारुती असतोच. मल्लखांबाची परंपरा बाळंभटदादा देवधरांपासून सांगताना याच जिल्ह्यातल्या सप्तशृंगीगडावरच्या त्यांच्या उपासनेची आख्यायिकाही सांगतात. तेव्हा मैदान हे निव्वळ लौकिक आणि मंदिर हे निव्वळ पारलौकिक, ही वाटणी निदान इथल्या जीवनातून आलेली नाही.

त्या रथाचाच एक दिवस या प्रश्नाच्या मुळाशी नेतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेच्या बळावर काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे बंद करण्यात आले आणि सत्याग्रही दारांशी बसले. महिना उलटला, रामनवमी झाली आणि ९ एप्रिलला रथ निघायचा होता. तडजोड अशी ठरली होती की रथ दोन्हीकडच्या लोकांनी मिळून ओढायचा. ती पाळली गेली नाही. अस्पृश्यांचे हात लागण्याआधीच रथ पळवला गेला, मारामारी झाली आणि दगड बरसले. त्या दिवशी रामाचे नाव घेण्यावरून भांडण नव्हते, ते दोन्हीकडे घेतले जात होते. गाभाऱ्यात जाण्याचा मुद्दा तडजोडीपुरता बाजूला ठेवलेला होता. भांडण एका दोरावरून होते. एकाच दोरावर शेजारी शेजारी दोन जातींचे हात येणार, एवढीच गोष्ट असह्य झाली. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. धर्मांतराच्या त्या थोर निर्णयामागे अनेक कारणे आहेत. त्यांत पंचवटीचा हा दोरही आहे.

यातून निघणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अस्पृश्यता हे केवळ डोक्यातले मत नव्हते. ते कातडीत साठवलेले मत होते, आणि म्हणून ते पाठ्यपुस्तकातल्या धड्याने पुरते निघत नाही. समतेवर उत्तम निबंध लिहिणारे मूल पाण्याच्या नळापाशी नकळत अंग चोरू शकते, कारण निबंध त्याने हाताने लिहिला असला तरी तो हात काही शिकलेला नसतो. आपल्या भाषेत याचा एक टोचणारा पुरावा आहे. पाठलाग करून दुसऱ्याला शिवण्याच्या खेळाला मुले ‘शिवाशिवी’ म्हणतात, आणि विटाळ पाळण्याच्या चालीलाही मराठीत हाच शब्द आहे. दोन्हींत स्पर्शाने काहीतरी नको असलेले दुसऱ्याच्या अंगावर जाते. खेळात राज्य येते, चालीरीतीत विटाळ येतो. कबड्डीत स्पर्श झाला की गडी बाद होतो. खो-खोत हात पाठीला लागतो तो पळभर, पाठ फिरवून बसलेल्या गड्याला. हे खेळ चांगलेच आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण शाळेच्या साऱ्या दिवसात असा स्पर्श कुठे शिकवला जातो, ज्यात कोणी बाद होत नाही, कोणावर राज्य येत नाही आणि हात सुटला तर दोघांचेही नुकसान होते? तो ओळीच्या आणि रिंगणाच्या खेळातच सापडतो.

फुगडीची रचना पाहावी. दोघांनी हात तिढ्याने धरायचे, पाय जवळ ठेवायचे आणि मागे झुकायचे. जितके मागे झुकाल तितकी फुगडी रंगते, आणि जितके मागे झुकाल तितका आपला सगळा भार समोरच्याच्या पकडीवर जातो. एकाला स्वतःला सावरता येत नाही. दोघांनी एकमेकांना तोलले तरच दोघे उभे राहतात. वजनात फरक असेल तर जड गड्याला कमी झुकावे लागते, हलक्याला जास्त, आणि हे गणित कोणी सांगत नाही, मनगटांना कळते. पावरीच्या किंवा तारप्याच्या नाचात हीच गोष्ट साखळीत होते. दुधी भोपळा आणि बांबू यांचे ते वाद्य वाजत असते, माणसे एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून ओळ धरतात, आणि चाल बदलली की ओळीची दिशा बदलते. वारली नाचाचा एक नियम तर एखाद्या सूत्रासारखा आहे: तारपेवाल्याकडे कोणी पाठ करायची नाही. गुंफलेल्या साखळीला आपल्या सर्वांत हळू गड्यापेक्षा वेगाने जाता येत नाही. वेगवान मुलाने ओढ घेतली तर ओळ तुटते. त्यालाच वेग आवरायला शिकावे लागते, आणि मागच्याला कोणी ढकलत नाही. प्लेटोने ‘लॉज’ या संवादात अशिक्षित माणूस म्हणजे समूहनृत्याचे शिक्षण न मिळालेला माणूस असे मानले. आज ते विचित्र वाटते, कारण शिक्षण म्हणजे डोक्यात भरायची गोष्ट असे आपण धरून चालतो. पण दुसऱ्याच्या पावलाचा अंदाज घेऊन आपले पाऊल टाकता येणे हे ज्ञानच आहे, आणि ते शरीराखेरीज दुसरीकडे कुठे ठेवता येत नाही.

यावर सर्वांत जड आक्षेप आपल्याच इतिहासातून येतो. चंद्रभागेच्या वाळवंटात सातशे वर्षे सर्व जातींचे वारकरी एकत्र नाचले, एकमेकांच्या पाया पडले. तरी चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर राहिली आणि विठ्ठलाचे दार अस्पृश्यांसाठी उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. इरावती कर्वे यांनी वारीच्या ‘वाटचाली’वर लिहिताना दिंडीतल्या जातवार वेगळ्या चुलींची आणि पंगतींची नोंद प्रांजळपणे केली आहे. मग बरोबर खेळल्याने काय साधते? सातशे वर्षांत साधले नाही ते शाळेतल्या पस्तीस मिनिटांत साधेल? हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही. वाळवंटातली समता खोटी नव्हती, पण ती यात्रेपुरती होती. माणसे घर सोडून तिथे जात, चार दिवस तसे जगत आणि परतल्यावर गावाची घडी जशीच्या तशी सापडे. शिवाय वारीला तेच जातात ज्यांना जायचे असते. ज्याच्या मनात विटाळाची अढी घट्ट आहे त्याला वाळवंट कधी बोलावू शकले नाही. शाळेचे तसे नाही. शाळा रोजची आहे, तीच मुले तीच बाके, तोच नळ, तीच पोषण आहाराची खिचडी. आणि शाळेत अढी असलेल्या घरचे मूलही येते, कारण त्याला यावेच लागते. संतांच्या चळवळीकडे नव्हते ते हे बळ सार्वजनिक शाळेकडे आहे. वाळवंटात जे स्वेच्छेने आणि क्वचित घडले ते वर्गात नेमाने घडू शकते. घडेलच अशी खात्री मी देत नाही. पण वाळवंटाच्या अपयशावरून वर्गाचे भविष्य ठरवता येत नाही.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा आहे. एका तालात हलणारी शरीरे एक होतात हे खरे, पण ती जमावही होतात. विल्यम मॅकनील या इतिहासकाराने १९९५ मधल्या आपल्या पुस्तकात लष्करी कवायत, गावची नृत्ये आणि धर्मपंथांचे नाच या सर्वांमागे स्नायूंतून जडणारा एकच बंध दाखवला, आणि तोच बंध हुकूमशहांच्या संचलनांतही होता हे लपवले नाही. लोकनृत्याचे म्हणाल तर विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या शाळांत एलिझाबेथ बर्चेनाल यांनी देशोदेशीच्या स्थलांतरितांची नृत्ये मुलींच्या व्यायामात आणली, ती परस्परांची ओळख व्हावी म्हणून. पुढे १९२०च्या दशकात मोटारींच्या हेन्री फोर्डनेही शाळांत जुनी सामूहिक नृत्ये शिकवण्यासाठी पैसा ओतला, पण त्यामागे जॅझ संगीताविषयीचा आणि ज्यू लोकांविषयीचा त्याचा द्वेष होता. पावले जवळपास तीच, हेतू परस्परविरुद्ध. बंगालमध्ये गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने १९३२ मध्ये व्रतचारी चळवळ सुरू केली आणि खालच्या मानलेल्या जातींकडे टिकून राहिलेले रायबेंशे नृत्य भद्रलोकांच्या मुलांना शिकवले. तिथे त्याच साधनाने एक अडसर थोडा सरकला. म्हणून मी असे म्हणत नाही की रिंगण धरले की सद्गुण आपोआप येतो. आकार हा अर्धाच भाग आहे. ओळीत कोणाला घ्यायचे याचा नियम हा उरलेला अर्धा भाग, आणि तो नियमच ठरवतो की ती ओळ रथाच्या दोरासारखी पळवली जाणार की नाही. कवायतीत मूल समोरच्याच्या मानेकडे पाहते आणि शिट्टी ऐकते. साखळीत त्याला शेजारच्याचा घाम आणि दम कळतो. हुकमाखाली एकसारखे होणे आणि हाताच्या ओढीने जुळवून घेणे यांत फरक आहे, आणि शिक्षकाने शिट्टी खाली ठेवून ढोलकी हाती घेतली की तो फरक मुलांना न सांगता समजतो.

आता देवाच्या नावाचा दुसरा प्रश्न. कायद्याची बाजू बरीच स्पष्ट आहे. संविधानाचे अनुच्छेद २८ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ देत नाही आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. पण धर्माविषयी शिकवणे म्हणजे धर्म शिकवणे नव्हे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या डी. ए. व्ही. कॉलेज खटल्यात गुरू नानकांच्या जीवन आणि विचारांच्या अभ्यासाबाबत केला आणि २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात शालेय अभ्यासक्रमाबाबत पुन्हा केला. त्यामुळे पावली शिकवायला हरकत नाही, पावलीतून विठ्ठलाचा गजर करवून घ्यायला आहे. इथे एक सोपी पळवाट दिसते, ती घेऊ नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटास इथे शाळांच्या व्यायामाच्या तासाला योग शिकवण्यावरून खटला झाला. २०१५ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने तो कार्यक्रम धार्मिक नसल्याचे म्हटले. पण तोवर शाळांनी आसनांची नावेच बदलली होती. पद्मासनाला लहान मुलांच्या बोलीतले मांडी घालून बसण्याचे नाव देण्यात आले होते. कायदेशीर अडचण सुटली, मात्र ज्यांच्याकडून ती विद्या आली त्यांचे नाव पुसले गेले. आपण तसे करायचे असेल तर पावली शिकवूच नये. पावलीला ‘हालचाल क्रमांक तीन’ म्हणणे हा निधर्मीपणा नव्हे, ती उचलेगिरी आहे. शिक्षकाने सांगावे: ही वारकऱ्यांची पावली, ते ती टाळ-मृदंगावर दिंडीत खेळतात, विठ्ठलासाठी खेळतात. ते कळल्यावर कोणाच्याही तोंडून नाव वदवून घेण्याची गरज उरत नाही. लेझमीचेही सांगावे की या शब्दाचे मूळ फारसी आहे आणि इराणच्या तालीमखान्यांत साखळी लावलेले असेच धनुष्य डोक्यावर घेऊन खुळखुळवतात. गणपतीच्या मिरवणुकीतल्या त्या वाद्याचा प्रवास एवढा लांबचा असेल, तर वंशशुद्धीच्या जोरावर एखादे नृत्य ‘आपले’ आणि दुसरे ‘परके’ ठरवणे किती पोकळ आहे हे मुलांना व्याख्यानाविना उमगते.

भाविकाच्या आक्षेपाला मी वेगळे उत्तर देईन. वारकरी पावलीला दीक्षा लागत नाही. दिंडीत नवा माणूस शेजारच्याचे पाय बघून ती शिकतो, चुकतो, पुन्हा धरतो, आणि त्याला कोणी विचारत नाही की तुझा भाव पुरता आहे का. पाऊल आधी येते आणि भाव आलाच तर मागून येतो. हा संप्रदायाचाच शिरस्ता असताना, शाळेतले मूल केवळ पाऊल शिकले म्हणून पावली विटाळेल, हे म्हणणे संप्रदायाच्या औदार्याला शोभत नाही. मात्र हे उत्तर प्रत्येक नृत्याला लागू पडत नाही, आणि इथे नेमकेपणा हवा. नाशिक जिल्ह्यातल्या बोहाड्यात आणि सोंगी मुखवट्यांच्या नाचात मुखवटा हाच देव असतो. त्याची पूजा होते आणि तो कोणी घ्यायचा याचे मान ठरलेले असतात. तो मुखवटा पुठ्ठ्याचा करून खेळाच्या तासाला चढवणे मला मान्य नाही, कारण तिथे पाऊल आणि पूजा वेगळी काढताच येत नाही. पावरीची साखळी सर्वांना घेते, मुखवटा एकालाच निवडतो. जे सर्वांना घेते ते शाळेने घ्यावे, आणि जे निवडते ते ज्यांचे आहे त्यांच्याकडेच राहू द्यावे.

याच भेदातून सर्वांत वेदनादायक आक्षेपाकडेही पाहता येते. लोककला हा शब्द ऐकून ज्यांना आनंद होत नाही असे लोक या महाराष्ट्रात लाखोंनी आहेत, आणि त्यांची कारणे खरी आहेत. पोतराजाचा आसूड, मुरळी म्हणून वाहिलेली मुलगी, देवदासी, गावकीचे काम म्हणून वाजवावी लागणारी हलगी: या कला जातीने लादलेल्या सेवा होत्या. बाबासाहेबांनी गावकीची हलकी मानलेली कामे सोडायला सांगितले तेव्हा त्यातून अनेकांनी वाद्ये खाली ठेवली, आणि तो स्वाभिमान होता. त्या घरातल्या मुलाला शाळेने ‘आपली परंपरा’ म्हणून तेच पुन्हा करायला लावणे क्रूर ठरेल. आदिवासी मुलांचे वेगळे दुखणे आहे. पाहुणे आले की कमरेला पाने बांधून, तोंडाला रंग फासून त्यांनाच नाचायला उभे करतात, आणि बाकीचा वर्ग टाळ्या वाजवतो. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. एक जण नाचतो, दुसरे बघतात. नाचणारा खाली, बघणारे वर. म्हणून माझा आग्रह व्यासपीठाचा नाही, खेळाच्या तासाचा आहे. स्नेहसंमेलनात रिंगण उलगडते आणि पाहुण्यांकडे तोंड करून अर्धवर्तुळ होते. तारप्याकडे पाठ न करण्याचा नियम मोडतो आणि सगळ्यांचे तोंड खुर्च्यांकडे वळते. खेळाच्या तासाला खुर्च्याच नसतात. कोकणा घरातल्या मुलीला पावरीची चाल येत असेल तर त्या दिवशी ती ओळीच्या पुढे असेल आणि उपाध्यायाचा मुलगा तिचे पाय बघून शिकेल. ती दाखवण्याची वस्तू न होता शिकवणारी होते. तिला पुढे यायचे नसेल तर तिला पुढे ओढू नये, हेही तितकेच खरे.

व्यायाम म्हणून यात दम किती, या शंकेवर फार थांबण्याची गरज नाही. ज्याने दहा मिनिटे घाटी लेझीम खेळली आहे त्याला ती शंका येणार नाही.

राहतो प्रश्न नकाराचा, आणि इथे संविधान मला एक अतिशय स्वच्छ रेष आखून देते. समजा एका पालकाने येऊन सांगितले की विठ्ठलाच्या, देवीच्या किंवा कोणत्याही देवाच्या नाचात माझे मूल भाग घेणार नाही. तो पालक बौद्ध असेल, ज्याच्या घराण्याने तो देव जाणीवपूर्वक सोडला, मुसलमान वा ख्रिस्ती असेल, नास्तिक असेल. शाळेने नृत्याला उपासना मानलेले नसले, तरी त्याच्या लेखी ती उपासना आहे, आणि ते ठरवण्याचा हक्क शाळेचा नाही. १९८६ मध्ये केरळच्या तीन मुलांच्या खटल्यात, राष्ट्रगीताला आदराने उभे राहून ते न गाणाऱ्या त्या मुलांना शाळेने काढून टाकणे सर्वोच्च न्यायालयाने चूक ठरवले. राष्ट्रगीताबाबत जी सवलत आहे ती फुगडीबाबत नाकारण्याचे कारण नाही. त्याचे गुण कापू नयेत, त्याला कोपऱ्यात उभे करू नये, दुसरा व्यायाम द्यावा. आता समजा दुसऱ्या पालकाने येऊन सांगितले की नाच चालेल, पण अमक्याच्या मुलाचा हात माझे मूल धरणार नाही. या पालकाला सूट नाही. तिथे अनुच्छेद १७ उभे आहे, ज्याने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही रूपातले आचरण निषिद्ध ठरवले. देवाबाबत मोकळीक आणि हाताबाबत सक्ती, अशी ही वाटणी आहे. आजवर समाजाने नेमके उलटे केले: देवाची सक्ती केली आणि हाताला मोकळीक दिली. मुलगे-मुली यांच्या हात धरण्यावरून संकोच असेल तर दोघांच्या मध्ये रुमाल धरता येतो, ग्रीसमधल्या ओळीच्या नाचांतही तो धरतात. टिपरी आणि लेझीम तर हात न धरताच खेळता येते. मात्र एखाद्या ओळीत तो रुमाल ठराविक मुलांच्याच वाट्याला येऊ लागला, तर तो रुमाल कशासाठी आहे हे शिक्षकाला ओळखता आले पाहिजे. आणि ज्याला देवाच्या नावामुळे ओळीत यायचे नाही पण ताल आवडतो, अशा मुलाच्या हाती ढोलकी द्यावी व त्याला मैदानाच्या मध्यभागी बसवावे. वारली नियम लावला तर साखळीतले एकही मूल मग त्याच्याकडे पाठ करणार नाही.